काट्यावरची रांग आणि जावाची परीक्षा

चि. भाचीस,

इन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या या चार खांबांच्या व्याख्या पाठ केल्या की विद्यापीठाच्या पेपरात हमखास मार्क पडतात. ऑरॅकलच्या जावा परीक्षेत मात्र व्याख्या कोणी विचारत नाही. तिथे पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम पुढ्यात टाकतात आणि विचारतात, हा चालवला तर काय छापून येईल? पर्यायांत एक खोडकर पर्याय बऱ्याचदा बसलेला असतो : हा कंपाइलच होणार नाही. व्याख्या तोंडपाठ असलेली हुशार मुलं नेमकी तिथेच आपटतात.

परीक्षेचा हिशोब आधी समजून घे. जावा २१ ची परीक्षा, क्रमांक १झेड०-८३० : ५० प्रश्न, १२० मिनिटं, पास व्हायला ६८ टक्के. म्हणजे ३४ उत्तरं बरोबर यायला हवीत आणि एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत. जावा १७ च्या परीक्षेत तेवढ्याच प्रश्नांना ९० मिनिटं आहेत, म्हणून दोन्हींत निवड करायची तर २१ बरी. जावा सन कंपनीकडे होती त्या काळात या परीक्षेला एससीजेपी म्हणत आणि पुण्यात ती अक्षरं बायोडेटावर मिरवणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. २०१० मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली, नाव बदललं. प्रश्नांची खोड तीच राहिली.

आता मूळ मुद्दा. इन्हेरिटन्स ही कल्पना पुस्तकात वाचताना उगाच जड वाटते, पण ती निघाली रस्त्यावरच्या रांगेतून. ओस्लोच्या संगणक केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे दोघे सिम्युला ही भाषा घडवत होते, १९६०च्या दशकात. टोलनाक्यावर थांबलेल्या ट्रक आणि बसच्या रांगेचं उदाहरण त्यांच्या चर्चेत होतं. सगळी वाहनं रांगेत सारखीच उभी राहतात, तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हे एकदाच कसं लिहायचं? त्यातून १९६७ ची सिम्युला आली, तिच्यापासून प्रेरणा घेऊन सी प्लस प्लस, आणि पुढे जावा. दोघांना त्यासाठी २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

तशी रांग तुझ्यासारख्या सणसरच्या मुलीला ओस्लोहून आणायला नको. गळीत हंगामात भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या काट्यावर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलांची टायरगाडी एका मागोमाग उभी असते. भरलेलं वजन घ्यायचं, गव्हाणीत ऊस उतरवायचा, रिकामं वजन घ्यायचं, वजाबाकी करायची. ही वजाबाकी तिघांनाही सारखी, म्हणून ती ‘वाहन’ या मूळ क्लासमध्ये एकदाच. वाहतुकीचं भाडं प्रत्येकाचं निराळं, म्हणून ‘भाडे’ ही मेथड ज्याच्या त्याच्या क्लासमध्ये ओव्हरराइड. हे कागदावर लिहून बघ. क्लासची नावं देवनागरीतही चालतात, जावाला युनिकोडचं वावडं नाही. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत.

आणि आता त्यात परीक्षेसारखी पाचर मारायची. ‘वाहन’मध्ये ‘नाव’ नावाचं एक फील्ड ठेव, किंमत “वाहन”. ‘ट्रॅक्टर’मध्येही ‘नाव’ ठेव, किंमत “ट्रॅक्टर”. मग व्हेरिएबल ‘वाहन’ प्रकाराचं घे आणि त्यात नवा ट्रॅक्टर भर. भाडे मागितलं तर ट्रॅक्टरचं येतं. नाव मागितलं तर “वाहन” येतं! कारण मेथड कुठली चालवायची हे प्रत्यक्ष ऑब्जेक्ट बघून ठरतं, फील्ड कुठलं वाचायचं हे व्हेरिएबलचा जाहीर केलेला प्रकार बघून. स्टॅटिक मेथडही फील्डच्याच वाटेने जाते, ती ओव्हरराइड होत नाही, नुसती झाकली जाते. या एका कोड्याची निरनिराळी रूपं परीक्षेत भेटत राहतात.

सी प्लस प्लस आधी शिकलेल्यांची इथे आणखी एक पंचाईत होते. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग हा विषय सी प्लस प्लसवरच शिकवला जायचा. त्या भाषेत मूळ क्लासमधल्या मेथडला ‘व्हर्च्युअल’ लावलं नाही, तर ‘वाहन’च्या पॉइंटरवरून ‘वाहन’चंच भाडं येतं. जावात साधी मेथड मुळातच व्हर्च्युअल; रोखायची असेल तर ‘फायनल’ लावावं लागतं. जुनी सवय घेऊन परीक्षेला बसलं की उत्तर बरोब्बर उलटं येतं.

कन्स्ट्रक्टरचा प्रश्न तर मामाचा विशेष आवडीचा. ‘वाहन’च्या कन्स्ट्रक्टरने ‘भाडे’ मेथड बोलावली आहे. ‘ट्रॅक्टर’मध्ये ‘दर’ हे फील्ड आहे, त्याची किंमत ३४०, आणि ओव्हरराइड केलेली ‘भाडे’ तो दर छापते. नवा ट्रॅक्टर बनवला, काय छापेल? शून्य. आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मगच ‘ट्रॅक्टर’च्या फील्डमध्ये किंमत पडते. इथपर्यंत बऱ्याच जणांना येतं. आता त्याच ‘दर’ला ‘फायनल’ लाव आणि पुन्हा चालव : या वेळी ३४० छापून येतं, कारण स्थिर किंमत कंपाइलरने आधीच त्या जागी लिहून टाकलेली असते. एका शब्दाने उत्तर फिरतं, आणि कुठलीही व्याख्या इथे उपयोगी पडत नाही.

तेव्हा अभ्यासाची पद्धत बदल. प्रोग्राम आधी कागदावर वाचायचा, पेनने उत्तर लिहायचं, आणि नंतरच मशीनवर चालवायचा. चुकलं तर नियम शोधायचा. जावाचं अधिकृत स्पेसिफिकेशन फुकट मिळतं, क्लाससाठी आठवं प्रकरण, मेथड कशी निवडली जाते यासाठी पंधरावं. भाषा रुक्ष आहे, पण वाद मिटवायला तेच. छोट्या तुकड्यांसाठी जावा ९ पासून आलेलं जेशेल पुरतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. पुस्तक एकच घे : जीन बोयार्स्की आणि स्कॉट सेलिकॉफ यांचं जावा २१ चं. दोन इंटिजर ऑब्जेक्टमध्ये १२७ भरून दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तपासले तर ‘खरं’ येतं, १२८ ला ‘खोटं’. असल्या फसव्या जागा वहीच्या मागच्या पानावर जमवत जा. रेकॉर्ड, सील्ड क्लास, स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग हे कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये सापडणार नाही, आणि परीक्षेत ते आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डंप’ फिरतात, म्हणे खऱ्या परीक्षेतले प्रश्न. त्यांच्या नादी लागू नकोस. उत्तरं निम्मी चुकीची निघाली तरी दाद कोणाकडे मागणार? शिवाय पकडलं गेलं तर ऑरॅकल प्रमाणपत्र रद्द करू शकते. आणि प्रमाणपत्राने नोकरी मिळते, असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नकोस. मुलाखतीत पहिली दहा मिनिटं ते बोलतं, पुढे स्वतः लिहिलेलं काहीतरी दाखवावं लागतं. काट्याचाच प्रोग्राम नीट पुरा केलास तर दाखवायला तो वाईट नाही.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यापुढे द्यायची असते. खोलीत दुसरं कोणी चालत नाही. सणसरच्या घरात ते जमणं कठीण. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरची गाणी, वर विजेचा भरवसा नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामाला येते, बेलवाडीला रिंगण होतं, तेव्हा घरात वारकऱ्यांची पंगत असणार. परीक्षेची तारीख घेताना ते दिवस आधीच वगळ. बारामतीला मामाकडे वरची खोली रिकामी आहे, इन्व्हर्टर आहे, मामी दुपारभर खाली कोणाला बोलू देणार नाही.

ऑरॅकलचं खातं मात्र आत्ताच उघड, आणि उघडताना ओळखपत्र पुढ्यात ठेव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. ओळखपत्रावर क्रम वेगळा. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर परीक्षेच्या दिवशी बसूच देत नाहीत. स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त आहे का तेही बघ. फरक असेल तर तारीख घ्यायच्या आधी ऑरॅकलला कळव, दुरुस्तीला वेळ लागतो. ताई-दाजींना नमस्कार सांग.

तुझा मामा