फवारणीत विषबाधा झाली, तर दावा कसा उभा करायचा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. पोलो या कीटकनाशकाशी जोडलेल्या ९६ प्रकरणांची नोंद सरकारी दप्तरात होती. सप्टेंबर २०२० मध्ये दोन मृतांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी पोलो बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात दिवाणी कारवाई सुरू केली. कंपनीने जबाबदारी नाकारली. इतक्या दूर जाण्याची गरज प्रत्येकाला पडणार नाही. पण दावा कुठेही लावा, कागद इथलाच लागतो.

पहिले काम जिवाचे. चक्कर, मळमळ, अंधारी आली की पंप खाली ठेवा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाचा डबा सोबत न्या. अंगावरचे कपडे धुऊ नका, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

दवाखान्यात ‘पऱ्हाटीचं औषध लागलं’ एवढे सांगून भागत नाही. डब्यावरचे नाव आणि आतला घटक केसपेपरवर लिहून घ्या. मिश्रण मारले असेल तर सगळी नावे द्या. ‘फवारणी करताना’ हे शब्द कागदावर आलेच पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात विष म्हटले की आत्महत्येचा संशय आधी येतो आणि चुकून ‘प्राशन’ लिहिले गेले की पुढची सगळी मदत अडकते. एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद झाली का, ते विचारा. रक्ताचा नमुना लवकर घ्यायला सांगा. कोलिनेस्टरेजच्या तपासणीत काही ठरावीक गटांच्याच औषधांचा परिणाम कळतो, म्हणून ती ‘नॉर्मल’ आली तरी विषबाधा झालीच नाही असे समजू नका.

डबा कबाड्याला देऊ नका, धुऊ नका. बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, रंगीत त्रिकोण (लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि आतले माहितीपत्रक या सगळ्यांचे फोटो काढा. कृषी सेवा केंद्राचे पक्के बिल जपा. उधारीवर माल घेतला असला तरी बिल मागा.

मग ठाण्यात तक्रार देऊन शेताचा पंचनामा करून घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, दुकानातल्या त्याच बॅचचा नमुना तपासणीला पाठवण्याची मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.

मृत्यू किंवा अपंगत्व आले असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज याच कार्यालयात करता येतो. मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. योजना सातबारावाला शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यापुरती आहे. भूमिहीन मजूर बाहेर राहतो, आणि पंप बहुतेकदा त्याच्याच पाठीवर असतो.

खरी भरपाई मागायची ती जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनातला दोष, रचनेतला दोष किंवा अपुरी सूचना यांमुळे झालेल्या इजेला उत्पादक जबाबदार धरला जातो. शेतकरी हा ग्राहकच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सांगितले आहे. मालकाच्या संमतीने औषध वापरणारा मजूरही ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. औषधाची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही.

कंपनी म्हणेल, ‘वापर चुकीचा झाला.’ हा बचाव कायद्यात आहे, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा: मात्रा कोणी सांगितली, मिश्रण कोणी सुचवले, पत्रकातली मराठी वाचता येईल एवढी मोठी होती का, हातमोजे-मास्क दुकानात मिळाले का. सोबत फवारणाऱ्यांचे जबाब लगेच लिहून घ्या. हंगाम सरला की माणसे पांगतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमाती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा घरातला आजारी माणूस पुरता बरा होण्याची वाट पाहत थांबू नका.