जुन्या लॅपटॉपचा चार्जर: पिन बसली म्हणजे जुळला असं नाही



हिशोबासाठी वापरलेला लॅपटॉप घेणारे गट आणि ग्रामसंघ आता बरेच आहेत. कमी पैशात काम होतं, म्हणून निर्णय चांगलाच. पण जुन्या लॅपटॉपसोबत चार्जर बरेचदा मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याची वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली असते. चार्जर बंद पडला की कर्जाच्या नोंदी आत अडकतात. मग घाईघाईत कुणाला तरी तालुक्याला पाठवायचं आणि पिन बसेल तो चार्जर आणायचा, असं होतं. चुकीच्या चार्जरने लॅपटॉपचा मुख्य बोर्ड जळू शकतो, आणि तो पैसा सगळ्या जणींच्या बचतीचा असतो. म्हणून या वेळचा धडा चार्जरचा.

आधी बिघाड शोधा

चार्जरचे दोन भाग असतात. भिंतीतल्या प्लगपासून ठोकळ्यापर्यंतची वायर म्हणजे पॉवर कॉर्ड. ठोकळा आणि त्याला जोडलेली लॅपटॉपकडची वायर म्हणजे अडॅप्टर. पॉवर कॉर्ड ठोकळ्यातून सुटी होते. कधी कधी तीच तुटलेली असते आणि आपण अख्खा चार्जर विकत आणतो. आधी त्याच बोर्डात मोबाईल लावून वीज आहे का बघा. मग दुसरी तशीच पॉवर कॉर्ड लावून बघा. ठोकळ्यावर दिवा असेल आणि तो लागला, तर दोष पुढे आहे: ठोकळ्याच्या पुढच्या वायरमध्ये, पिनमध्ये किंवा लॅपटॉपमध्येच. ठोकळा उघडायचा मात्र नाही. आत वीज साठून राहते.

लेबल कसं वाचायचं?

लॅपटॉप उलटा करा. खाली लेबल असतं. काही लॅपटॉपमध्ये ते बॅटरी काढल्यावर दिसतं. जुना चार्जर मूळ कंपनीचा असेल तर त्याच्या ठोकळ्यावरचं लेबलही वाचा. तिथे दोन ओळी महत्त्वाच्या:

इनपुट: इथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. ही आपल्या घरातली वीज. चार्जर निवडताना हा आकडा धरायचा नाही.

आउटपुट: ही लॅपटॉपला मिळणारी वीज. उदाहरणार्थ, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. आकड्यापुढे व्होल्टसाठी इंग्रजी ‘व्ही’ आणि अँपिअरसाठी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर असतं. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की वॅट येतात: १९ गुणिले ३.४२ म्हणजे साधारण ६५ वॅट.

लॅपटॉपच्या खालच्या लेबलवर जे व्होल्ट आणि अँपिअर असतात, ते त्याला लागणाऱ्या विजेचे. तेच चार्जरच्या आउटपुटशी जुळवायचे.

चार गोष्टी जुळवा

१. व्होल्ट सारखेच हवेत. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा. दाब जास्त झाला की पाइप फुटतो. १९ आणि १९.५ इतक्या फरकाला दुरुस्तीवाले कधी कधी हो म्हणतात, पण आपण नवा घेतोय तर लेबलवरचाच आकडा मागा.

२. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. टाकीत हजार लिटर पाणी असलं तरी आपण घागरभरच घेतो ना? तसंच लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो. पण कमी अँपिअरचा चार्जर घेऊ नका. तो तापतो, मध्येच बंद पडतो.

३. पिनची खूण बघा. लेबलवर गोल, त्यात ठिपका, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणेची चिन्हं असतात. बहुतेक लॅपटॉपना आतली बाजू अधिक असते. दोन्ही लेबलांवर ही खूण सारखी हवी.

४. पिनचा आकार नेमका हवा. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपची पिन चपटी, आयताकृती असते. डेल आणि एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपची गोल पिन दिसायला एकसारखी, ७.४ मिलिमीटरची, आणि मध्ये सुईसारखी बारीक तार असते. डेलमध्ये ही तार चार्जरची ओळख सांगते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि स्क्रीनवर तसा इशारा येतो. म्हणून कंपनी आणि मॉडेल सांगूनच चार्जर मागा.

दुकानात

लॅपटॉप आणि जुना चार्जर दोन्ही सोबत न्या. “दादा, याचं आउटपुट किती व्होल्ट, किती अँपिअर?” असं विचारा आणि लेबल स्वतः वाचा. “चालून जाईल हो ताई” या उत्तरावर पैसे काढू नका.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तो खरा आहे का ते तपासता येतं.

व्होल्ट बदलायचं बटण असलेला, अनेक पिनांचा चार्जर गटासाठी शक्यतो टाळा. लॅपटॉप अनेक जणी हाताळतात. बटण चुकून सरकलं तर नुकसान आपलंच.

दुकानातच अर्धा तास लावून बघा. ठोकळा कोमट होणं ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास आला तर परत करा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका. बिल गटाच्या नावाने घ्या, त्यावर वॉरंटी लिहून घ्या आणि बिल खर्चाच्या फाइलला लावा.

पुढच्या बैठकीत करायचा अभ्यास

लॅपटॉप मध्ये ठेवा. दोघी-दोघींनी लेबल वाचून व्होल्ट, अँपिअर आणि मॉडेल क्रमांक मोठ्याने सांगा. मग हे आकडे साठा नोंदवहीत लॅपटॉपच्या नोंदीसमोर लिहा, लेबलचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. सरावासाठी एक प्रश्न: लॅपटॉपला १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर लागतात. दुकानात एक चार्जर १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा आहे आणि दुसरा २४ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा. दोघांची पिन बसते. कोणता घ्याल, आणि का?

उत्तर सगळ्या जणींनी मिळून काढा. म्हणजे पुढच्या वेळी तालुक्याला कुणीही गेलं तरी चार्जर बरोबरच येईल.

– तुमची क्षेत्र समन्वयक