डंपर रिकामा होण्याआधी

वाघोलीच्या पट्ट्यात, खडी क्रशरच्या वजनकाट्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. आता घर बांधायला काढलेले नातेवाईक फोन करतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, "ब्रास कितीला पडेल?" दगड कुठल्या थरातला, हे कोणी विचारत नाही.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला खडक. थराचा गाभा घट्ट, वरचा भाग सच्छिद्र. त्या छिद्रांत पुढे पांढरी-हिरवी खनिजं भरली. वाघोलीच्या खाणीतले कॅव्हन्साइटचे निळे स्फटिक तर जगभरचे हौशी लोक पैसे मोजून नेतात. काँक्रीटला मात्र हा सच्छिद्र भाग नको. तो पाणी पितो, लवकर फुटतो. खाणीत माती-मुरूम काढून, भोकं पाडून सुरुंग लावतात आणि एका बारात बरावाईट सगळाच दगड खाली येतो. निवडत बसायचं तर यंत्रं थांबतात, म्हणून पुष्कळदा कोणी निवडत नाही. मूठभर खडी धुऊन बघा. पांढरे ठिपके आणि बारीक भोकं जागोजाग दिसली, तर गाडी माघारी पाठवा.

दगड आधी जॉ क्रशरमध्ये जातो, मग कोन क्रशरमध्ये, मग चाळण्यांवर. पहिल्या जबड्यातूनच उरकलेल्या खडीत चपटे, लांबट तुकडे फार. मिस्त्रीला तो माल कालवायला जड जातो, मग तो पाणी ओततो आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. आयएस 383 मानकात असे तुकडे एकूण 40 टक्क्यांपर्यंत चालतात. दारात मोजत कोण बसणार? पसाभर खडी गोणपाटावर पसरली की नजरेला अंदाज येतो.

खरी मेख कृत्रिम वाळूत आहे. चाळणीखाली उरलेली कच आणि व्हीएसआय या दगड आपटून फोडणाऱ्या यंत्रात मुद्दाम तयार केलेली वाळू, दोन्ही ढीग लांबून सारखेच करडे. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंच्या घराचा गिलावा चार महिन्यांत जाळीसारखा तडकला. पावतीवर 'क्रश सँड', ढिगात निव्वळ कच! उरलेल्या ढिगातली थोडी मी बाटलीत घातली, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवली. सकाळी वर पिठासारख्या गाळाचा जाड थर. काँक्रीटसाठीच्या कृत्रिम वाळूत 75 मायक्रॉनखालची भुकटी वजनाने 15 टक्क्यांपर्यंत चालते. बाटलीत वजन कळत नाही, नुसता संशय पक्का होतो. निकाल हवा तर नमुना प्रयोगशाळेत द्या. स्लॅबच्या खर्चापुढे ती फी काहीच नाही.

मापाचं थोडक्यात. ब्रास म्हणजे 100 घनफूट. डंपरच्या हौदाची मापं आतून, आपल्या टेपने घ्या. खडीचा ब्रास साधारण सव्वाचार टनांच्या आसपास भरतो, तेव्हा काट्याची चिठ्ठी मागून ताळा करा. ओलसर वाळू फुगते, मापात जास्त दिसते. गौण खनिजाचा वाहतूक परवानाही बघून ठेवा. तो नसेल तर गाडी वाटेत अडते आणि स्लॅबच्या दिवशी माणसं हात बांधून बसतात.

हे सगळं गाडी उभी असतानाच करायचं. ड्रायव्हर घाई करतो, पुढची खेप आहे म्हणतो. त्याला चहा द्या, पण हौद उचलू देऊ नका. माल एकदा जमिनीवर पडला की परत भरायच्या जेसीबीचं भाडं कोणी द्यायचं, यावरच दुपार जाते.