आमची पेठ, तुमची पेठ

पुण्यातील एखाद्या जुन्या गृहस्थांना तुम्ही त्यांचा पत्ता विचारून पाहा. रस्त्याचे नाव ते मागाहून सांगतील. आधी सांगतील ती पेठ. “आम्ही शुक्रवारातले,” किंवा “आमचे तीन पिढ्यांचे बिऱ्हाड नारायणात,” असे उत्तर येईल. ऐकणाराही पुणेकर असला, तर तेवढ्यावरून तो मनाशी बरेच काही ताडतो. पाहुण्याला मात्र हे कोडे वाटते. शुक्रवार हा दिवस. त्यात मनुष्य राहणार कसा?

आठवड्याचे सातही वार या गावाने आपल्या पेठांना वाटून दिले आहेत. परंतु सर्वांत जुनी वस्ती कसब्याची, आणि तिला वार नाही. इतर पेठा तिच्याभोवती एकामागून एक वसत गेल्या. त्यांतील काहींची पहिली नावे निराळी होती. आजची सोमवार पेठ म्हणजे पूर्वीचे शहापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर आणि गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. पेशव्यांच्या काळात वस्ती वाढली, तेव्हा नवीन पेठा निघाल्या. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ, नाना फडणविसांची नाना पेठ. ज्या माळावर बोरीची झाडे माजली होती, त्या बोरवनाची पुढे भवानी पेठ झाली.

पेठ वसविणे म्हणजे केवळ घरे बांधणे नव्हे. व्यापारी आणि कारागीर यांना बोलावून आणावे लागे. सरकार त्यांना कौल देई, काही वर्षे कर माफ करी, आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन यांजकडे सोपवी. साहजिकच आपली पेठ लवकर भरावी, शेजारच्या पेठेतील चांगला सोनार अथवा विणकर आपल्याकडे यावा, असे प्रत्येकाला वाटे. पेठापेठांतील चढाओढीचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा येथेच सापडेल.

पेठेच्या पोटात आळ्या. कसब्यातील तांबट आळीत शिरण्यापूर्वीच तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज कानी येतो. बुरूड आळीत बांबूच्या कामट्या, कुंभारवाड्यात मडक्यांच्या उतरंडी, बोहरी आळीत खिळे, कुलपे आणि दोरखंड. आळी म्हटली की तिचे दैवत आलेच, आणि दैवतांना नावे ठेवण्यात पुणेकरांचा हात कोणी धरणार नाही. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर! जवळ पासोड्यांचा बाजार भरे, म्हणून बुधवारातील विठोबा झाला पासोड्या विठोबा. देवाशी इतकी सलगी करणारे लोक शेजारच्या आळीतील माणसांना कोणकोणती नावे ठेवीत असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

जुन्या वाड्यांतील जीवन दाटीचे होते. एका चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडे, मध्ये आड, एका बाजूस तुळशीवृंदावन. एका घरातील फोडणी साऱ्या वाड्याला कळे आणि एका घरातील भांडणही. वाड्यातील मुले आपसांत कितीही भांडली, तरी बाहेरच्या आळीशी सामना असला म्हणजे ती एक होत. विटीदांडू, हुतूतू, आट्यापाट्या आणि खोखो हे खेळ म्हणजे आळीच्या अब्रूचा प्रश्न असे. त्यांत भांडणाला निमित्तही भरपूर. कारण निरनिराळ्या ठिकाणी खेळाचे नियम निराळे. आपल्या आळीत जो गडी बाद, तो समोरच्यांच्या मते शाबूत! मग खेळ थांबे आणि आवाज चढत. खोखोचे नियम बांधून काढण्यासाठी पुण्यातील डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली एक समिती बसली. मोठ्या माणसांनी समिती नेमून मुलांच्या खेळाचे नियम ठरवावे, यावरून त्या भांडणांचे स्वरूप ध्यानात येईल.

मोठ्या मुलांचे ठाणे म्हणजे तालीम. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, जगोबादादा तालीम ही नावे आजही पुण्यात ऐकू येतात. तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, भिंतीशी मुद्गल, आणि शब्दाला शब्द न करू देणारा वस्ताद. आपल्या तालमीचा पठ्ठ्या दुसऱ्या तालमीच्या मल्लाशी लढत असला, की कुस्तीचा गंध नसलेली माणसेही हौद्याभोवती जमत. तालमीत घाम गाळणारे हात पेठेत कोठे आग लागली, भिंत पडली, तरी धावून जात. पण हेच हात क्वचित नको तेथेही उगारले जात, हे लपविण्यात अर्थ नाही.

सर्व चढाओढी अशा खेळातल्या नव्हत्या. पाण्याची गोष्ट पाहा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून गावात आणले गेले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. हौद जवळ असलेली पेठ भाग्यवान. पहाटेपासून घागरींची रांग लागे आणि तेथे सर्व पेठेची बातमी कळे. परंतु ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाच्या कडेला ठेवले होते, त्यांना या हौदांना हात लावण्याची मनाई होती. डोळ्यांसमोर भरलेला हौद, आणि कोणी तरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत उभे राहावयाचे! गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटेल, आपले लोक वाळीत टाकतील काय, याचा विचार त्या काळी करावाच लागे. जोतीरावांनी तो केला असेल. पण हौदाचे दार बंद केले नाही. याच पतिपत्नींनी वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १८४८ साली, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल फेकला. फेकणारे काही परक्या देशातून आलेले नव्हते. ते याच पेठांतील होते. पुढे गंज पेठेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.

आता गणपतीच्या दिवसांकडे वळू. कारण पेठांची खरी ईर्ष्या पाहावयाची तर ती तेव्हाच. सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून व्यापक रूप दिले. भाऊसाहेब रंगारी यांनी त्याच्या आदल्याच वर्षी गणपती बसविला होता, असे त्यांच्या मंडळाचे म्हणणे. गुरुजी तालमीत तर हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनी मिळून १८८७ सालीच गणपती बसविला, असे तेथे सांगतात. आधी कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. महानगरपालिकेने २०१७ साली उत्सवाची सव्वाशे वर्षे साजरी करावयाचे ठरविले, तेव्हा तो पुन्हा नव्याने पेटला. वादातही पुणेकर सव्वाशे वर्षे मागे हटत नाहीत!

विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोणी चालावे, हा प्रश्न पहिल्या काही वर्षांतच निघाला. प्रत्येक पेठेला आपला गणपती पुढे हवा होता. निवाडा टिळकांकडे गेला, असे परंपरेने सांगतात. कसब्याचा गणपती हे ग्रामदैवत, म्हणून पहिला मान त्याचा. तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता, म्हणून दुसरा मान तिच्यापुढील गणपतीचा. त्यामागून गुरुजी तालीम, त्यामागून तुळशीबाग. आणि टिळकांच्या स्वतःच्या केसरीवाड्याचा गणपती? तो पाचवा. निवाडा करणाऱ्याने आपले नाव शेवटी ठेवले, म्हणजे इतरांना कुरकुर करण्यास जागा उरत नाही, हे व्यवहारातील मोठे शहाणपण आहे.

हा क्रम आजही पाळला जातो. मंडईतील लोकमान्यांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघते. कसब्याचा आणि जोगेश्वरीचा गणपती पालखीतून चालतो. ढोलताशांची पथके, झांजा, लेझीम यांनी लक्ष्मी रस्ता दणाणून जातो. पण मानाचे पाच गणपती पुढे गेले, की मागची रांग ही वेगळीच गोष्ट. बेलबाग चौकात कोणी आधी शिरावयाचे, कोणाच्या पथकाने किती वेळ खेळ करावयाचा, पुढच्याने रेंगाळून मागच्याला किती अडवून धरावयाचे, यांवर घासाघीस चालते. पोलीस घड्याळाकडे बोट दाखवितात, कार्यकर्ते गणपतीकडे. अलीकडील वर्षांत मिरवणूक संपावयास एक दिवस आणि एक रात्रही पुरेनाशी झाली आहे. ढोल उत्तम वाजावा यासाठी महिना महिना नदीकाठी सराव करणाऱ्या मुलामुलींचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु रस्त्यावर घर असलेल्या आजारी माणसाचे मत त्याच वेळी कोणी तरी विचारावयास हवे.

अशा या पेठांवर १२ जुलै १९६१ रोजी एक भयंकर प्रसंग आला. आंबी नदीवरील पानशेतचे धरण अजून पुरे व्हावयाचे होते. पावसाने पाणी चढत गेले आणि बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरून धरला. बारा तारखेच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणात उतरले आणि काही तासांतच तेही फुटले. रात्रीच्या अंधारात हे घडले असते तर किती माणसे झोपेत गेली असती, ते सांगवत नाही. जवानांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांचे मोल पुणे विसरलेले नाही.

मुठेच्या काठावरील नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. कित्येक पिढ्यांची भांडीकुंडी, पोथ्या, देव, दुकानातील माल, सारे चिखलात गेले. नेसत्या वस्त्रानिशी निघालेली माणसे उंचावरील पेठांकडे चालू लागली. तेथील घरांची आणि शाळांची दारे उघडली गेली. काल ज्यांच्याशी खेळावरून, रांगेवरून हातघाई झाली होती, त्यांच्याच माजघरात आज पथारी पसरावी लागली.

दुसरे संकट पाण्याचेच, पण न मिळणाऱ्या पाण्याचे. शहराच्या नळांना खडकवासल्याचे पाणी येत असे. धरणच गेल्यामुळे नळ कोरडे पडले. पुरात बुडालेल्या शहराला प्यावयास पाणी नाही, अशी विपरीत अवस्था झाली. तेव्हा लोकांना वाड्यांतील जुने आड आणि विहिरी आठवल्या. ज्या आडांवर फळ्या टाकून कोणी लाकडे रचली होती, कोणी केरकचरा टाकला होता, ते उपसले गेले. रहाटाची करकर पुष्कळ वर्षांनी ऐकू येऊ लागली. ज्यांच्या वाड्यात विहीर, त्यांच्या दारी रांग. रांगेत उभा असलेला कोणत्या पेठेचा, हे त्या दिवसांत कोण विचारणार!

नदीकाठची पुष्कळ कुटुंबे मात्र आपल्या जागी परत आली नाहीत. त्यांच्यासाठी शहराबाहेर लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. काहींना प्रथम अर्धगोल पत्र्यांच्या घरांत दिवस काढावे लागले. उन्हाळ्यात ती तापत आणि पावसात त्यांवर थेंबांचा ताशा वाजे. तेथे ना आळी होती, ना ओटा, ना शेजारचा मारुती. वेगवेगळ्या पेठांतील माणसे एका रांगेत राहावयास आली, आणि हळूहळू तेथेही गणपती बसू लागला.

पुढे शहर चारही दिशांना वाढले. वाडे पडून त्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. मुले नोकरीसाठी दूरच्या उपनगरांत गेली. तरी भाद्रपद आला, की त्यांतील अनेकजण मुलाबाळांना घेऊन आपल्या जुन्या आळीत आरतीला येतात. जुन्या पेठांतील पत्त्यांवर अजून आधी घराचा आकडा आणि मग पेठेचे नाव असते, आणि पोस्टमनला तेवढे पुरते. दोन अनोळखी पुणेकर कोठे परगावी भेटले, तर चहा येण्यापूर्वीच एकजण दुसऱ्याला विचारतो, “आपण मूळचे कोणत्या पेठेतले?”