मोटारीच्या दाराचे कुलूप : दुहेरी जबाबदारी

मोटारीच्या दाराच्या कुलपावर दोन परस्परविरोधी कामे सोपविलेली असतात. अपघाताच्या धक्क्याने दार उघडता कामा नये. मात्र आतील व्यक्तीला ते तत्काळ उघडता आले पाहिजे. खटक्याला दोन टप्पे असतात. दार पुरते लागले नाही, तरी पहिला टप्पा ते अडकवून धरतो. मागील दारांवरील 'चाइल्ड लॉक' लावल्यास आतील मूठ निकामी होते व दार बाहेरूनच उघडते. धावत्या गाडीत मुलांना जपणारी ही योजना उभ्या गाडीत घातक ठरू शकते. उन्हातील बंद गाडीचे तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते. खेळता खेळता मुले आत शिरतात. यास्तव उभी गाडी कुलूपबंद ठेवावी, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि त्यांना गाडीत कधीही एकटे सोडू नये. शाळा व ग्रामसभांतून ही माहिती घरोघरी पोहोचावी.