बॅटरीचे पाणी

समजा, करकंबचे एक शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन जीपने पंढरपूरला निघाले. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली. मागच्या सीटवरची बॅटरी कलंडली.

पुतण्या म्हणाला, "काका, बॅटरीचं पाणी सांडलं!"

काका म्हणाले, "सांडू दे. पाणीच हाय, उन्हानं वाळंल."

काका इथेच चुकले. आपण त्याला पाणी म्हणतो, पण त्यात वजनाने सुमारे तिसरा हिस्सा गंधकाचे आम्ल असते. त्यालाच सल्फ्युरिक अ‍ॅसिड म्हणतात. उन्हाने पाणी उडते, अ‍ॅसिड उडत नाही. ते मागे राहते आणि जास्त जहाल होते. सुती कापडाला भोके पडतात. मॅटखालचा पत्रा गंजून झिजतो. त्या सीटवर उद्या लेकरू बसले, तर त्याची कातडी भाजेल.

म्हणून गाडी थांबवा. दारे उघडा. विडी पेटवू नका, कारण बॅटरीतला वायू पेट घेतो. रबरी मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. बॅटरी सरळ करून खाली काढा. साचलेल्या अ‍ॅसिडावर कोरडी माती टाका. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, तेव्हा ती जराशी फसफसेल. घाबरू नका. ती माती प्लास्टिकच्या बादलीत भरा. लोखंडी घमेले नको.

आता वाण्याकडचा खाण्याचा सोडा घ्या. चिमूटभराने भागत नाही. १५० मिलिलिटर अ‍ॅसिडाला सुमारे १२५ ग्रॅम सोडा लागतो. तो थोडा थोडा टाका. फेस येईल. नवा सोडा टाकूनही फेस येईनासा झाला, म्हणजे अ‍ॅसिड मेले. गादीत मुरले असेल तर सोड्याचे पाणी ओता, टिपून घ्या, पुन्हा ओता. मॅट उचलून खालीही पाहा. मग स्वच्छ पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नका. तोही अंग भाजतो.

अंगावर उडाले तर सोडा शोधत बसू नका. भिजलेले कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका. निदान २० मिनिटे पाणी सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.

बादलीतली माती ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. वापरलेल्या बॅटरीच्या अ‍ॅसिडात शिसे असते. सोड्याने अ‍ॅसिड मरते, शिसे जात नाही. फसफस पूर्ण थांबल्यावर ती माती पिशवीत बांधा आणि बॅटरी घेणाऱ्या दुकानदाराला विचारून त्याच्याकडे द्या.