निवडणुकीचे वादविवाद आणि बिनवर्गणीची छत्री

मतदार हा लोकशाहीचा धनी, असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. परंतु कारभारी आपापसांत काय वाद घालतात हे पाहण्यासाठी या धन्याला दरमहा पैसे मोजावे लागत असतील, तर त्याचे धनीपण कितपत खरे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्या जोयडा तालुक्यापुरता करावयाचा आहे.

काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. येथील वाड्या जंगलात इतक्या विखुरलेल्या की तेथवर केबलची तार ओढणे परवडणारे नाही. मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरींना डोंगर अडवीत. पुढे दूरदर्शनने आपली जुनी प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक बंदच केली. उरला तो उपग्रह.

दूरदर्शनची ही उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश' या नावाने चालते. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की मासिक वर्गणी नाही. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० कि.मी. उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्याकडून तो आग्नेयेस, क्षितिजापासून साठ अंशांच्याही वर दिसावयाचा. त्यामुळे डोंगर सहसा आड येत नाही. आड येतो तो अंगणातला फणस!

या छत्रीवर संसदेचे कामकाज 'संसद टीव्ही'वर दिसते. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन व आकाशवाणीवर विनामूल्य वेळ मिळतो. १९९८ च्या योजनेनुसार पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते आणि भाषणाची प्रत आधी द्यावी लागते. अर्थात हे भाषण एकतर्फीच. पक्षांच्या प्रतिनिधींना समोरासमोर बसवून चर्चा घडविण्याची सोयही योजनेत आहे, पण एका केंद्रावर जास्तीत जास्त दोनदा. माझ्या मते योजनेतील हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच सर्वांत तोकडा. खाजगी वाहिन्यांवर रोज रात्री वाद झडतात. पण फ्री डिशवर त्यांना जागा मिळते ती लिलावात बोली लावून. एखादी वाहिनी बोलीत मागे पडली की तिच्यावरील वाद वाडीवरच्या मतदाराला पारखा झाला.

येथे क्रिकेटचे उदाहरण बोधप्रद आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. न्या. पी. बी. सावंत हे निकाल देणाऱ्यांपैकी एक. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्रण प्रसार भारतीस देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. प्रमुख पक्षांच्या निवडणूकपूर्व वादविवादासाठी असा कायदा नाही. चौकार फुकट दिसावा आणि उमेदवाराचे उत्तर मात्र वर्गणीदारालाच, हे विपरीतच म्हणावे लागेल.

दूरदर्शन सरकारच्या छायेत असते, मग त्याच्या हाती वादविवाद का द्यावा, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. त्याच निकालात न्यायालयाने लहरींवरील सरकारी मक्तेदारीही अमान्य केली होती. यासाठी दूरदर्शनने वाद घडवावा असे नव्हे; इतरत्र घडलेला वाद, काटछाट न करता, जसाच्या तसा दाखवावा, एवढीच अट कायद्यात हवी.